ठाण्यातलं कॉमिक्सचं दुकान: माझ्यासाठी मस्त, माझ्या लेकीसाठी नाही

गेली तीन वर्षं मी नौपाड्यातल्या या दुकानात जातेय, महिन्यातून एकदा तरी, आणि ठाण्यात असं दुकान आहे याचाच मला इतका आनंद आहे की आजवर त्याच्याबद्दल काही लिहावंसं वाटलंच नाही, उगाच नजर लागायची. आता लिहितेय कारण मागच्या महिन्यात पहिल्यांदा लेकीला सोबत घेऊन गेले आणि तेच दुकान मला वेगळंच दिसलं. नाव देत नाहीये. खाली तक्रारी आहेत, दुकान एकटा माणूस चालवतोय, आणि माझ्या लिहिण्याने कुणाच्या पोटावर पाय यावा असं मला अजिबात वाटत नाही. ठाण्यात जे कॉमिक्स विकत घेतात त्यांना वाचता वाचता कळेलच.

आधी चांगलं ते सांगते, आणि ते खूप आहे.

दुकान म्हणजे एक छोटा गाळा आणि वर पोटमाळा. तीन भिंतींना छतापर्यंत शेल्फ, डाव्या हाताला डीसी, समोर मार्व्हल, उजवीकडे बाकीचे प्रकाशक आणि त्यांच्या खाली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स. मधे पुठ्ठ्याचे लांब खोके, त्यात सुटे अंक, म्हणजे ज्यांना सगळे फ्लॉपी म्हणतात ते, प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत आणि मागे पांढरा बोर्ड लावलेला. आपल्याकडे पावसाळ्यात कागदाचं काय होतं ते ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांना सांगायला नको, जुलैत पानं फुगतात, ऑगस्टमध्ये कुबट वास यायला लागतो आणि एकदा कसर लागली की मग काय उरत नाही. या दुकानातून भर पावसात घेतलेला अंक मी घरी येऊन उघडला तर पान कडक होतं, नवीन नोटेसारखं. मालकांना सगळे दादा म्हणतात, ते शेल्फच्या प्रत्येक खणात डांबराच्या गोळ्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतात आणि दर पंधरा दिवसांनी बदलतात, मी स्वतः बघितलंय. एकदा एका ठिकाणाहून ऑनलाईन मागवलं होतं तर नुसत्या पातळ पिशवीत घालून पाठवलं, चारही कोपरे दुमडलेले, परत घ्यायला पंधरा दिवस. इथे एकदा एका पुस्तकाचा कणा सुटलेला निघाला तर दादांनी एक शब्द न विचारता बदलून दिलं. छापील किमतीवर थोडी सूटही देतात, जीपे चालतं, आणि तुम्ही काय वाचता हे त्यांच्या लक्षात असतं. बॅटमॅनच्या कुठल्या पुस्तकानंतर कुठलं घ्यायचं हे त्यांच्याइतकं नीट मला कुणीच सांगितलेलं नाही, कारण ते विकायचं म्हणून सांगत नाहीत, दोनदा तर त्यांनी मला "हे नका घेऊ ताई, तुम्हाला नाही आवडणार" असं सांगून पुस्तक परत शेल्फवर ठेवायला लावलंय.

तर माझ्यासारख्या वाचकासाठी हे दुकान पाच पैकी पाच.

माझ्यासारखा वाचक म्हणजे कोण तेही सांगते. माझं वय ४६. माझा भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, तो इंद्रजाल कॉमिक्स आणायचा आणि त्याचं वाचून झालं की ते माझ्याकडे यायचं, वेताळ, मँड्रेक, बहादूर. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं, ते मराठीतही निघायचं, आणि १९९० मध्ये बंद पडलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्या चाळीत एक काका दारातच दोरी बांधून त्यावर अंक लटकवायचे आणि दिवसाला चार आण्याने वाचायला द्यायचे. पानं मऊ पडलेली, कुणीतरी वेताळाच्या मुखवट्यावर पेनाने गिरवलेलं, शेवटचं पान बऱ्याचदा गायबच. मग कॉलेजच्या सुमारास गोथम कॉमिक्सने डीसी आणि मार्व्हलचे अंक भारतात छापायला सुरुवात केली, तेव्हा परवडतील अशा किमतीत ते स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मिळायला लागले आणि तिथून जी सवय लागली ती आजपर्यंत. म्हणजे मला कॉमिक्सची गोडी लागली ती लहानपणी, लटकवलेल्या अंकांमुळे, स्वस्तात, कुणाच्याही परवानगीशिवाय. हे सगळं एवढं सांगायचं कारण पुढे येतंय.

लेक तेरा वर्षांची आहे, आठवीत. २०२३ मध्ये स्पायडरमॅनचा जो ॲनिमेटेड सिनेमा आला त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन आहे आणि तो ज्या शहरात राहतो त्याचं नाव मुंबाटन. ती त्या पोराच्या प्रेमातच पडली. त्याचे केस, त्याचं ते चहावरचं बोलणं, चाय टी म्हणू नका रे म्हणून. तिला मी सांगितलं की अगं हा काही सिनेमावाल्यांनी नव्याने काढलेला नाही, २००४ मध्ये गोथम कॉमिक्सनेच भारतात हा स्पायडरमॅन काढला होता, चार अंक आले होते, धोतर नेसलेला स्पायडरमॅन, मुंबईतला. तिचे डोळे एवढे मोठे झाले. मला ते बघायचंय म्हणाली. घोडबंदर रोडवरून शनिवारी संध्याकाळी नौपाड्याला यायचं म्हणजे किती वेळ जातो ते ठाणेकरांना माहितीये, ती गाडीत एकदाही कंटाळली म्हणाली नाही.

आत गेल्यावर तिने थेट दादांना विचारलं, पवित्र प्रभाकरचं कॉमिक आहे का. दादांचा चेहरा खुलला. ते मागच्या कपाटाकडे गेले, किल्लीने कपाट उघडलं आणि अगदी देवघरातली वस्तू काढावी तसा पिशवीतला अंक काढला आणि तिच्यासमोर काउंटरवर ठेवला. तिने हात पुढे केला तर म्हणाले, "बाळा, हे वाचायला नाहीये, ठेवायला आहे." किंमत सांगितली, ती ऐकून मीच गप्प झाले. ते प्रेमाने बोलले, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट त्यांनी तिला आपल्या दुकानातली सगळ्यात जपलेली गोष्ट दाखवली. पण लेकीचा हात तसाच मागे आला आणि मग ती मागे सरकून उभी राहिली.

त्यानंतर साधारण दीड तास आम्ही तिथे होतो आणि मी पहिल्यांदाच ते दुकान तिच्या उंचीवरून बघितलं. तिच्या डोळ्यांसमोर जे शेल्फ येतं त्यावर ऑम्निबस आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑम्निबस म्हणजे जुन्या मालिकेचे तीस-चाळीस अंक एकत्र बांधलेला जाड ठोकळा, अमेरिकेत त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास किंवा वर असते, इथे येईपर्यंत तो आकडा दुसऱ्याच कुठल्या गोष्टीसाठी बाजूला ठेवलेला पगार असतो. मांडीवर ठेवून वाचायला गेलं तर पाय बधिर होतात. प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, उघडून बघायची सोय नाही. खालच्या खोक्यांवर पाटी, अंक परवानगीशिवाय काढू नयेत. बसायला काही नाही. फ्लॉपीची किंमत साडेचारशे-पाचशे, आणि त्यात गोष्टीची पानं विसेक. लेकीने एक अंक दादांना विचारून बघितला आणि मला हळूच म्हणाली, आई, हे तर शाळेच्या बसमध्येच संपेल.

तिचं बरोबर आहे. मी त्याच किमतीत तिला खालच्या खणातली मांगा दाखवली, जवळपास दोनशे पानं, आणि तिला ती आधीपासून माहितीच होती कारण तिच्या वर्गात निम्म्या मुली डीमन स्लेयर वाचतात. तिने मला शिकवलं की ती मालिका २३ भागांत संपते. संपते, हा शब्द तिने दोनदा वापरला. सुपरमॅन १९३८ पासून चालू आहे म्हटल्यावर तिने विचारलं, मग पहिला भाग कुठला घ्यायचा. या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आणि दादा दोघंही पाच मिनिटं आपापसात बोलत राहिलो आणि तोपर्यंत ती मांगाकडे गेली. तिथेही घोळ होता, भाग ४ होता, ७ होता, ११ होता, पहिला नव्हता. पहिला सगळ्यात आधी संपतो म्हणाले दादा. अहो मग तोच जास्त मागवा ना.

त्या दीड तासात दुकानात किती लोक आले ते मी मोजलं. आम्ही दोघी धरून अकरा. अठराच्या आतली फक्त माझी लेक. बाकीचे सगळे साधारण तिशी ते पन्नाशीतले, दोघांच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड, एकाच्या हातात भाजीची पिशवी, आणि मी सोडून सगळे पुरुष. माझीच जातकुळी. एकमेकांना ओळखत होते, गप्पा पण छान, मला त्या गप्पा आवडतात. पण एक जण आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलासाठी घेताय का?" मी ३५ वर्षं कॉमिक्स वाचतेय. माझ्या हातात माझ्यासाठी घेतलेला अंक होता आणि शेजारी उभी असलेली लेक होती. असं मला या दुकानात पहिल्यांदा नाही विचारलं गेलं, दादांनीही पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं, नंतर माफी मागितली ती गोष्ट वेगळी.

आता हे एका दुकानाचं नाहीये हे मलाही कळतं, म्हणून थोडं लांबड लावते. सुपरहिरो कॉमिक्स मुळात लहान मुलांसाठीच होती. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा आला त्याची किंमत १० सेंट होती आणि पानं ६४. अमेरिकेत औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात तारेचा फिरता स्टँड असायचा, वर पाटी, मुलांनो कॉमिक्स बघा अशा अर्थाची. पोरं शाळेतून येताना फिरवून बघायची. १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला तेव्हा मोठी गोष्ट ही होती की शाळेत जाणारा मुलगा स्वतःच हिरो आहे, कुणाचा तरी मदतनीस नाही. वाचणारा पोरगा आणि छापलेला पोरगा एकाच वयाचे.

मग ते फिरते स्टँड हळूहळू गेले. सत्तरच्या दशकात फिल स्यूलिंग नावाच्या माणसाने प्रकाशकांशी वेगळा व्यवहार सुरू केला, कॉमिक्सच्या खास दुकानांना जास्त सूट मिळणार पण न विकलेला माल परत घेणार नाही. पेपरवाल्याच्या स्टॉलवर न खपलेले अंक परत जायचे, इथे जे मागवलं ते तुमच्या गळ्यात. त्याने कॉमिक्सचा धंदा वाचला असंही म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, कारण स्टॉलवाल्यांना कॉमिक्समध्ये काही मिळत नव्हतं. पण एकदा धोका दुकानदाराच्या डोक्यावर आला की तो काय मागवणार? ज्याचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं आहे तेच. आणि ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे जो मागच्या महिन्यात आला होता तोच. रस्त्यावरून जाता जाता डोकावणाऱ्या पोरासाठी कुणी धोका पत्करणार नाही, आणि तसंही ते पोर आता त्या रस्त्याने जातच नाही, कारण खास दुकान हे मुद्दाम शोधत जावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण दादांच्या काउंटरवरच्या वहीत मला ते प्रत्यक्ष दिसलं. त्या वहीत नावं आहेत, प्रत्येक नावापुढे तो माणूस दर महिन्याला काय घेतो ते. माझं पण आहे. दादा म्हणाले, परदेशातून माल यायला दोन-तीन महिने आधी पैसे भरावे लागतात, परत काही जात नाही, गाळ्याचं भाडं दर महिन्याला, तर मी वही बघूनच ऑर्डर करतो ताई. महिन्याला दोन ऑम्निबस गेले की भाडं निघतं. लहान मुलांची पुस्तकं दोनदा मागवून बघितली, सहा महिने पडून राहिली, शेवटी निम्म्या किमतीत काढली. मला त्यांच्यावर राग काढता येईना. त्यांनी वही उघडून दाखवली, ४० च्या आसपास नावं, आणि ते म्हणाले, यातले बरेचसे दुकान उघडल्यापासूनचे. म्हणजे वही दर वर्षी एक वर्षाने मोठी होतेय.

मोठ्या प्रकाशकांचं वेगळं काय आहे. २०११ मध्ये डीसीने सगळं मोडून ५२ मालिका एकदम पहिल्या अंकापासून सुरू केल्या, नवीन वाचक यावेत म्हणून, खूप गाजावाजा झाला. त्यानंतर त्यांनी नील्सनकडून वाचकांची पाहणी करून घेतली तर त्यात ९३ टक्के पुरुष निघाले आणि अठराच्या आतले जेमतेम २ टक्के. विक्री वाढली होती, पण आले होते ते बरेचसे जुनेच, मधे सोडून गेलेले. आणि मार्व्हलकडे बघा, मला हे सगळ्यात जास्त लागलं. २००० मध्ये त्यांनी अल्टिमेट स्पायडरमॅन काढलं ते खास नव्या पोरांसाठी, पीटर पार्कर पंधरा वर्षांचा, शाळेत, सगळं पहिल्यापासून. मूळ मालिकेतल्या पीटरचं १९८७ मध्ये लग्न झालं होतं, २००७ मध्ये त्यांनी ते लग्न सैतानाबरोबरच्या सौद्यात पुसून टाकलं, लग्न झालेला स्पायडरमॅन म्हातारा वाटतो म्हणून. आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच अल्टिमेट स्पायडरमॅन नावाने नवीन मालिका आली, तर तिच्यात पीटर पस्तिशीच्या आसपासचा आहे, मेरी जेनशी लग्न झालंय, दोन मुलं आहेत, आणि कोळी त्याला आत्ता चावतोय. नाव तेच, आणि पंधराचा पोरगा चोवीस वर्षांत दोन लेकरांचा बाप.

ही मालिका मी दादांकडूनच घेतली, वहीत माझ्या नावापुढे आहे. आणि खरं सांगते, अप्रतिम आहे. पीटर मुलांना झोपवून बाहेर पडतो, बायकोला कधी सांगायचं याचा विचार करतो, आपण आयुष्यात काहीतरी वेगळं व्हायला हवं होतं असं त्याला आतून वाटत असतं, हे वाचताना मी दोन वेळा पुस्तक मिटून गप्प बसले. लेखक जोनाथन हिकमनने ती माझ्यासाठी लिहिलीय असं वाटतं. पण हेच तर आहे ना, ती माझ्यासाठीच लिहिलीय. माझ्या वयाचा विचार करून, माझा खिसा बघून. माझी लेक त्यातल्या पीटरच्या मुलांच्या बाजूला उभी आहे आणि गोष्ट बापाची आहे.

याचा अर्थ मुलं कॉमिक्स वाचत नाहीत असा कुणी काढत असेल तर तो साफ चुकीचा आहे. माझा आठ वर्षांचा भाचा डॉग मॅन वाचतो, शाळेतल्या पुस्तक प्रदर्शनातून आणतो, जेवताना पण ताटाशेजारी उघडं असतं. त्याच लेखकाचं, डेव पिल्कीचं, कॅप्टन अंडरपँट्स १९९७ पासून आहे आणि तो सुपरहिरोच आहे की, अंगात चड्डी आणि पाठीवर पडदा. रेना टेलगेमायरची स्माईल आमच्या सोसायटीत चार घरांत फिरून कव्हर निघालेली आहे. पोरं वाचतात, भरपूर वाचतात, फक्त ती या दुकानात येत नाहीत आणि ती जे वाचतात ते या दुकानात येत नाही.

मधे डीसीने एक चांगली गोष्ट केली, तीही इथे मिळते म्हणून सांगते. २०२४ पासून त्यांनी कॉम्पॅक्ट कॉमिक्स म्हणून छोट्या आकाराची पुस्तकं काढलीत, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, मांगाच्या जवळपास, किंमत दहा डॉलरच्या आत आणि पूर्ण गोष्ट एका पुस्तकात. दादांकडे मला सातशेच्या आत मिळालं. दप्तरात बसतं, रिक्षात उघडून वाचता येतं. मी ऑल स्टार सुपरमॅन घेतलं आणि घरी येऊन बघते तर फुग्यांमधली अक्षरं मला चाळिशी लावल्याशिवाय दिसेनात. लेकीने तेच पुस्तक पलंगावर आडवं पडून, निम्म्या उजेडात, एका बैठकीत वाचलं. तेव्हा मला वाटलं की हे तिच्यासाठीच आहे, बघ, शेवटी कुणीतरी तिच्या डोळ्यांचा विचार करून छापलं. पण मग यादी बघितली. वॉचमेन १९८६ चं. हश २००२ चं. कोर्ट ऑफ आऊल्स २०११ चं. आकार तिच्या हाताचा आणि गोष्टी बहुतेक माझ्या तरुणपणाच्या, आणि वॉचमेन तर तेराव्या वर्षी हातात द्यायचं पुस्तकच नाही. ऑल स्टार सुपरमॅन मात्र द्या, बिनधास्त द्या.

आणि त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. निघता निघता लेकीला पाणी हवं होतं म्हणून दादा मागे गेले आणि ती वाट बघत खालच्या शेल्फपाशी उकिडवी बसली. तिथे दोन ऑम्निबसच्या मागे एक पातळसं पुस्तक पडलेलं तिला सापडलं, सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन, जीन ल्युएन यांगचं, चित्रं गुरिहिरूची. १९४६ साली सुपरमॅनची एक रेडिओ मालिका झाली होती त्यावर ते बेतलेलं आहे. सुपरमॅनच्या मेट्रोपोलिस शहरात, तिथल्या चायनाटाउनमधून दुसऱ्या वस्तीत राहायला आलेलं एक चिनी कुटुंब, त्यातली मुलगी रोबर्टा, नवीन वस्तीत बुजलेली, भाऊ लगेच मिसळतो आणि हिला जमत नाही. मुखवटे घातलेले लोक त्यांच्या अंगणात रात्री आग लावतात. आणि सुपरमॅन स्वतःच कुठून आलाय हे लपवत फिरतोय. तिने तिथे फरशीवर बसूनच वाचायला सुरुवात केली. दादा पाणी घेऊन आले, बघितलं, आणि काही बोलले नाहीत, बाटली तिच्या बाजूला ठेवली. साधारण पंधरा-वीस पानं झाल्यावर तिने वर बघितलं आणि म्हणाली, हे घेऊया. तेव्हा त्या पुस्तकावर इतकी धूळ होती की तिच्या कुर्त्याला लागली.

हे पुस्तक दुकानात होतं! मी तीन वर्षं जातेय, मला दिसलं नव्हतं, दादांनाही आठवत नव्हतं की कधी मागवलं. मुलांची पुस्तकं खपत नाहीत असं ते खरंच मनापासून म्हणतात, पण जे पुस्तक ऑम्निबसच्या मागे जमिनीलगत पडलंय ते खपणार कसं. हे मी त्यांना बोलले, थोडं मोठ्या आवाजातच बोलले, मला वाटतं इतर गिऱ्हाइकांनी पण ऐकलं. मी म्हणलं, दादा, तुमच्या वहीतले आम्ही सगळे अजून वीस वर्षं येऊ, नंतर आमचे गुडघे तुमची ती पायरी चढणार नाहीत. एक शेल्फ, एकच, खालचं, पोरांच्या उंचीचं, समोर. त्यात हे पुस्तक, मिस मार्व्हलचा पहिला भाग, तो २०१४ चा आहे आणि त्यातली नायिका कमला खान सोळा वर्षांची आहे, घरी अब्बू-अम्मी आहेत, आपल्या पोरींना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. टीन टायटन्सचं रेवन. मांगाचे फक्त पहिले भाग. आणि प्रत्येकाची एक प्रत उघडी, पिशवीशिवाय, हात लावायला, फाटली तर फाटली. एक स्टूल. त्या उघड्या प्रतींचे पैसे वहीतले आम्ही सगळे मिळून देऊ, मी पहिले देते. भाजीची पिशवीवाले होते ते म्हणाले, मी पण देतो, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि तो माझ्या पुस्तकांना हात लावत नाही कारण मीच त्याला लावू देत नाही. हे ते अगदी हळू म्हणाले.

ते ऐकल्यापासून मी घरी माझ्याच कपाटाकडे बघतेय. माझ्याकडे पण पिशवीतले अंक आहेत. १९९१ मध्ये एक्समेनचा पहिला अंक पाच कव्हरांत निघाला आणि ऐंशी लाखांच्या आसपास विकला गेला, लोकांनी पाच-पाच प्रती घेऊन न उघडता ठेवल्या, पुढे सोन्यासारखा भाव येईल म्हणून. तो भाव आला नाही, पुढच्या चार-पाच वर्षांत बाजार कोसळला आणि १९९६ च्या शेवटी मार्व्हलला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. न उघडलेली कॉमिक्स कुणालाच वाचक बनवत नाहीत. दादांच्या कपाटात इंद्रजालचे मराठी अंक आहेत, वेताळाचे, कोरे, पिशवीत, आणि मला ते बघून आनंद होण्याऐवजी आमच्या चाळीतली ती दोरी आठवली. मराठीत आज असं एकही सुपरहिरो कॉमिक नाही जे मी भाच्याला दर महिन्याला देऊ शकेन, जे होतं ते कुलपात आहे.

तर शेवटी दुकानाबद्दल ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. तुम्ही तिशी-चाळिशीतले असाल आणि तुम्हाला डीसी-मार्व्हल वाचायचं असेल तर डोळे मिटून जा, ठाण्यात तरी मला यापेक्षा चांगलं दुकान माहीत नाही, मुंबईतली मोठी दुकानं पण इतकं समजून उमजून पुस्तक देत नाहीत. शनिवारी पाचनंतर गर्दी असते, बुधवार-गुरुवार जा, दादांना बोलायला वेळ असतो. वहीत नाव लिहा, त्याने खरंच फरक पडतो, पण नुसतं स्वतःसाठी लिहू नका, घरातल्या पोराच्या नावाने एक ओळ वेगळी लिहायला सांगा. दादा वही बघूनच ऑर्डर करतात ना, मग वहीत पोरं घालायची. मी लेकीचं नाव घातलंय, माझ्या नावाखाली नाही, वेगळ्या पानावर, तिनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलंय आणि पुढे लिहिलंय, डीमन स्लेयर भाग १, आणि पवित्र प्रभाकरचं वाचायचं असेल ते. मुलाला घेऊन जाणार असाल तर गाडी तलावपाळीच्या बाजूला लावून चालत या, गल्लीत जागा मिळत नाही. आणि आत गेल्यावर त्याला खालच्या शेल्फच्या मागे हात घालू द्या.

तारे द्यायचे तर माझ्यासाठी पाच, लेकीसाठी दोन, त्यातला एक त्या पाण्याच्या बाटलीचा.

काल दादांचा फोन आला होता, स्टूल आणलंय म्हणाले. शेल्फचं अजून बघतोय, ऑम्निबस कुठे ठेवायचे कळत नाहीये. पुढच्या शनिवारी भाच्याला घेऊन जाणार आहे, डॉग मॅन मागतो का काय ते बघू, आणि शेल्फ झालं असेल तर इथेच खाली लिहीन.